सायरन आणि हार्पी : ग्रीक पुराणातल्या पक्षीदेही स्त्रियांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक पुराणात अर्धी बाई, अर्धा पक्षी म्हणजे नेमकं कोण?

मुख्यतः दोन घराणी : सायरन आणि हार्पी. सायरन समुद्रकाठी बसून गातात आणि जाणाऱ्याला थांबवतात. हार्पी वाऱ्यासारख्या येतात, झडप घालतात आणि हाती लागेल ते उचलून नेतात. दोघींची सरमिसळ इतकी झाली आहे की संग्रहालयांतल्या जुन्या पाट्यांवरही ती सापडते. त्याचं एक ठळक उदाहरण पुढे येईल.

पंख असलेल्या स्त्रिया ग्रीकांकडे आणखीही आहेत. विजयाची देवी नायकी, इंद्रधनुष्याची देवी आयरिस या त्यांपैकी. पण त्यांचा देह माणसाचा, पाठीवर फक्त पंख. स्फिंक्सचा चेहरा बाईचा असला तरी धड सिंहाचं. म्हणून त्यांना इथे घेतलेलं नाही.

होमरने सायरन कशा दिसतात असं सांगितलं आहे?

सांगितलेलंच नाही. 'ओडिसी' हे ग्रीक कवी होमरचं महाकाव्य, ट्रॉयच्या युद्धानंतर ओडिसियस या वीराच्या घरी परतण्याच्या प्रवासाचं. त्याच्या बाराव्या सर्गात सायरनची गोष्ट येते. त्याच सर्गात होमर स्किला राक्षसिणीचे बारा पाय, सहा माना आणि प्रत्येक तोंडातल्या दातांच्या तीन-तीन रांगा मोजून दाखवतो. सायरनच्या रूपाबद्दल मात्र अवाक्षर नाही. त्या कुरणात बसलेल्या आहेत, भोवती कुजणाऱ्या माणसांच्या हाडांचा ढीग आहे, हाडांवरची कातडी आक्रसत चालली आहे, एवढंच तो सांगतो. पंख नाहीत, चोच नाही, सौंदर्यही नाही. आहे तो नुसता आवाज.

किती सायरन होत्या हेही तो आकड्यात सांगत नाही, पण संस्कृतासारखं जुन्या ग्रीकमध्येही द्विवचन असतं आणि होमरने सायरनसाठी ते वापरलं आहे. म्हणजे त्याच्या लेखी त्या दोघी.

मग त्या गातात तरी काय?

सायरनबद्दल एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

प्रसंग असा. सर्सी या जादूगारिणीने ओडिसियसला आधीच सावध केलेलं असतं. गलबत सायरनच्या बेटाजवळ येतं आणि वारा एकदम पडतो, समुद्र सपाट होतो. खलाशी शीड उतरवून गुंडाळतात आणि वल्ह्यांवर बसतात. ओडिसियस मेणाचा मोठा गोळा घेतो, शस्त्राने त्याचे तुकडे करतो आणि हातात मळत राहतो. उन्हाने आणि मळण्याने मेण मऊ होतं. मग तो एकेका खलाशाच्या कानात ते भरतो. खलाशी त्याला डोलकाठीशी उभा बांधतात. त्याला स्वतःला गाणं ऐकायचं आहे, म्हणून त्याचे कान उघडे.

आणि सायरन गाऊ लागतात. पहिली हाक त्याच्या नावाची. त्या त्याला ओळखतात. गलबत थांबव, म्हणतात, आमचा आवाज ऐकल्याशिवाय इथून कुणी पुढे गेलेला नाही. जो ऐकतो तो सुखावून जातो आणि आधीपेक्षा जास्त जाणता होऊन जातो. ट्रॉयच्या मैदानात ग्रीकांनी आणि ट्रोजनांनी काय काय सोसलं ते सगळं आम्हाला ठाऊक आहे. या पृथ्वीवर जे जे घडतं ते आम्हाला ठाऊक आहे.

या गाण्यात शृंगाराचा शब्द नाही. ओडिसियसने दहा वर्षं ट्रॉयला काढली, सोबती गमावले, अजून घरी पोचलेला नाही. अशा माणसाला कुणीतरी सांगतंय की तुझ्यावर जे गुदरलं ते आम्हाला माहीत आहे, बैस, ऐक. भोगलेल्या दिवसांचा अर्थ लागेल, हे आमिष आहे. त्याला मोकळं व्हायचं असतं. तो भुवयांनी खुणा करतो, सोडा म्हणतो. पेरिमिडीस आणि युरिलोकस हे दोन खलाशी उठतात आणि दोर आणखी आवळतात.

हे आजच्या कुणा वाचकाला सुचलेलं नाही. रोमन वक्ता सिसरो याने इ. स. पू. ४५ मध्ये या ओळींचा लॅटिनमध्ये अनुवाद केला आणि स्वच्छ लिहिलं की माणसं खिळून राहायची ती आवाजाच्या गोडीमुळे नव्हे, त्या खूप काही जाणतात या त्यांच्या दाव्यामुळे. 'पुरुषांना नादी लावणाऱ्या बायका' हा अर्थ नंतरच्या काळाने सायरनवर लादला. मला तो फार तोकडा वाटतो.

सायरन माणसांना खात असत का?

होमर तसं म्हणत नाही. सर्सीचं म्हणणं एवढंच की जो त्यांच्याजवळ जाईल त्याला घरी बायकामुलं पुन्हा सामोरी येणार नाहीत. इ. स. पू. तिसऱ्या शतकातला कवी अपोलोनियस सांगतो की सायरन माणसांचं परतणं हिरावून घेत आणि माणसं झिजून मरत. गाणं ऐकत बसलेल्याला तहानभूक आठवू नये, असा हा मृत्यू. माणसं फाडून खाणाऱ्या सायरन पुढच्या काळातल्या.

मग त्यांना पक्ष्याचं अंग कुठून आलं?

चित्रांमधून आलं असं म्हणणं सगळ्यात सरळ. माणसाच्या डोक्याचे पक्षी ग्रीक कलेत इ. स. पू. सातव्या शतकापासून भरपूर दिसतात : कॉरिंथच्या अत्तराच्या कुप्यांवर, मातीच्या भांड्यांवर, काशाच्या कढयांच्या कानांवर. पूर्वेकडच्या देशांतून, बहुतेक आजच्या तुर्कस्तान-सिरियाच्या भागातून, हा आकार आला. इजिप्तमध्येही मृताचा 'बा', म्हणजे आत्म्याचा एक अंश, माणसाच्या डोक्याचा पक्षी म्हणून रंगवत. सुरुवातीच्या ग्रीक सायरनांपैकी काहींना चक्क दाढी आहे. म्हणजे त्या सगळ्या बायकाच होत्या असंही नाही!

कथांनी पंखांचं कारण मागाहून शोधलं. अपोलोनियसच्या मते सायरन एके काळी डिमिटर देवीच्या मुलीच्या, पर्सेफनीच्या, सोबतिणी होत्या. ओव्हिड हा रोमन कवी हाच धागा पुढे नेतो : पाताळाच्या राजाने पर्सेफनीला पळवलं, सोबतिणींनी तिला जमिनीवर सगळीकडे शोधलं आणि मग समुद्रावरही शोधता यावं म्हणून पंख मागितले. देवांनी ते दिले, सोनेरी पिसंही दिली, चेहरा आणि आवाज मात्र मुलींचाच राहू दिला. हायजिनस नावाच्या लेखकाकडे तीच गोष्ट उलटी होते : मुलीला वाचवलं नाहीत म्हणून आईने दिलेली ती शिक्षा. मला ओव्हिडची गोष्ट जास्त जवळची वाटते. हरवलेल्या मैत्रिणीला शोधता शोधता ज्या पक्षी झाल्या, त्या पुढे समुद्राकाठी बसून गात राहिल्या, हे पटतं.

त्यांची नावं काय?

लेखक बदलला की नावं बदलतात. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणसंग्रहात तिघी आहेत : पेसिनोई, अग्लाओपी आणि थेल्क्सिएपिया. एक तंतुवाद्य वाजवते, एक गाते, एक बासरीसारखं वाद्य वाजवते. मांड्यांपासून खाली तिघी पक्षी. दक्षिण इटलीत पार्थेनोपी, ल्युकोसिया आणि लिजिया ही नावं चालत.

ओडिसियसखेरीज त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं का?

सोनेरी लोकर आणायला गेलेलं जेसनचं 'आर्गो' गलबत सुटलं. त्यावर ऑर्फियस हा थोर गायक होता. सायरनचा आवाज येताच त्याने आपली लायर, म्हणजे छोटं तंतुवाद्य, जुळवली आणि जलद लयीतलं गाणं छेडलं. त्याच्या तारांखाली त्यांचा सूर दबला. तरी ब्यूटीस नावाच्या एकाने ऐकलंच, आणि त्याने पाण्यात उडी घेतली. अ‍ॅफ्रोडाइटी या प्रेमदेवतेने त्याला वरच्यावर उचलून सिसिलीच्या टोकाला नेऊन ठेवलं.

आणखी एक हार पॉसेनियस या प्रवाशाने नोंदली आहे. देवांची राणी हेरा हिच्या सांगण्यावरून सायरन म्यूझ, म्हणजे गाण्याच्या आणि कलांच्या, देवींशी गाण्याच्या स्पर्धेत उतरल्या आणि हरल्या. म्यूझ देवींनी त्यांची पिसं उपटून स्वतःसाठी मुकुट केले.

ओडिसियस निसटल्यावर सायरनचं काय झालं?

होमर गप्प आहे. गलबत पुढे जातं, आवाज ऐकू येईनासा होतो, खलाशी कानातलं मेण काढतात, संपलं. पुढच्या लेखकांनी सांगितलं की एकही गलबत न थांबता गेलं तर सायरननी मरायचं, असं भाकीत होतं. म्हणून त्यांनी समुद्रात उड्या घेतल्या.

हा क्षण मातीच्या एका भांड्यावर आहे. ब्रिटिश म्युझियममधलं हे भांडं साधारण इ. स. पू. ४८०-४७० चं, इटलीत वुल्ची इथे सापडलेलं. गलबताच्या नाळेवर मोठा डोळा रंगवला आहे. ओडिसियस डोलकाठीला बांधलेला, मान मागे टाकलेली. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर एकेक सायरन बसली आहे : अंग गुबगुबीत पक्ष्याचं, डोकं नीट केस बांधलेल्या तरुणीचं. तिसरी गलबतावर डोकं खाली करून कोसळते आहे. तिचा डोळा नीट बघितला तर मिटलेला दिसतो. ती हल्ला करत नाही, ती मेली आहे. कड्यावरच्या एकीजवळ तिचं नावही लिहिलं आहे : हिमेरोपा. चित्रकाराचं नाव माहीत नसल्याने अभ्यासक त्याला 'सायरन चित्रकार' म्हणतात.

सायरनचं बेट खरोखर कुठे आहे?

इटलीत, पोझिटानो गावासमोरच्या समुद्रात ली गाल्ली नावाची तीन छोटी बेटं आहेत. जुने भूगोलकार सायरनच्या खडकांची जागा इथेच दाखवत. गाल्ली म्हणजे कोंबडे. या नावात पक्षीदेही सायरनची आठवण आहे असं पुष्कळांना वाटतं. विसाव्या शतकात ही बेटं लिओनिद मासीन आणि नंतर रुडॉल्फ नुरेयेव या बॅले नर्तकांच्या मालकीची होती.

पार्थेनोपीचा देह वाहत जाऊन जिथे लागला तिथे तिची समाधी बांधली गेली, तिच्या नावाने मशाली घेऊन धावण्याची शर्यत होई, आणि ते गाव म्हणजे आजचं नेपल्स. १७९९ मध्ये तिथे काही महिने टिकलेल्या प्रजासत्ताकाने तिचंच नाव घेतलं होतं. शहरात सोळाव्या शतकातलं एक कारंजं आहे. त्यात पंखांची पार्थेनोपी व्हेसुव्हियसवर उभी आहे आणि तिच्या स्तनांतलं पाणी ज्वालामुखीची आग विझवतं. जिला एका शहराने आईसारखं जपलं, तिला निव्वळ राक्षसीण कसं म्हणायचं?

थडग्यांवर सायरनचे पुतळे का उभारत?

कारण त्या मृतांसाठी रडत. ही बाजू फारशी कुणाला माहीत नसते, आणि माझ्या मते हीच सगळ्यात सुंदर आहे.

अथेन्सच्या केरामेइकोस दफनभूमीत इ. स. पू. चौथ्या शतकातल्या संगमरवरी सायरन सापडल्या. एक आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे : अंगावर पंख, पाय पक्ष्याचे आणि हातात कासवाच्या पाठीची लायर. इतर थडग्यांवरच्या सायरन एका हाताने छाती बडवतात, दुसऱ्या हाताने केस उपटतात. अथेन्समधल्या बायका मयताला शोक करत तो असाच. सोफोक्लीस या नाटककाराच्या थडग्यावरही सायरन होती, असं त्याचं जुनं चरित्र सांगतं. युरिपिडीसच्या नाटकात हेलन परदेशात एकटी पडलेली असताना सायरनना हाक मारते : पंखांच्या मुलींनो, पृथ्वीच्या लेकींनो, तुमची वाद्यं घेऊन या आणि माझ्या विलापाला साथ द्या.

प्लेटोने तर त्यांना आकाशात नेलं. 'रिपब्लिक'च्या शेवटी विश्वाची चाती फिरते आहे, तिची आठ वर्तुळं आहेत, प्रत्येक वर्तुळावर एक सायरन उभी आहे, ती एकच सूर लावते आणि आठ सुरांचा मेळ जमतो. समुद्राकाठी मारणारा आवाज, थडग्यावर रडणारा आवाज आणि ग्रहगोल फिरतात तिथला आवाज, तिन्ही ग्रीकांच्या लेखी सायरनचेच. पर्सेफनीच्या सोबतिणी असल्याने त्यांना पाताळाची वाट ठाऊक. मेलेल्याला तिथवर पोचवायला गाणं लागतं, आणि ते गाणं त्यांच्याकडे होतं.

हार्पी कोण?

हेसिओड या प्राचीन ग्रीक कवीने दोघींची नावं दिली आहेत, एलो आणि ऑकिपिटी. थौमास या समुद्रदेवाच्या मुली, आयरिसच्या बहिणी. वादळाचा झोत म्हणजे हार्पी. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही, देहही मिळाला नाही, की हार्पींनी नेला म्हणायचं. 'ओडिसी'त ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस आपल्या बेपत्ता बापाबद्दल हेच बोलतो. होमरच्याच 'इलियड'मधले अकिलीस या वीराचे दोन अमर घोडे, झँथॉस आणि बॅलिऑस, हे पोडार्गी नावाच्या हार्पीला पश्चिमवाऱ्यापासून झालेले.

त्यांची गाजलेली गोष्ट फिनियसची. हा थ्रेसकडचा आंधळा द्रष्टा. देवांचा राजा झ्यूस याच्या मनातलं सगळंच्या सगळं माणसांना सांगून टाकलं म्हणून त्याला लांबलचक म्हातारपण आणि आंधळेपण मिळालं. वर शिक्षा अशी की त्याच्यापुढे ताट आलं की ढगांतून हार्पी उतरत आणि हातातलं, तोंडातलं हिसकावून नेत. जगण्यापुरतं थोडं मागे ठेवत, पण त्याला अशी दुर्गंधी येई की लांब उभं राहणंही अशक्य. 'आर्गो'चे वीर तिथे पोचले तेव्हा उत्तरवाऱ्याचे दोन पंखधारी मुलगे, झीटीस आणि कॅलेइस, हार्पींच्या मागे लागले. आता त्यांना गाठून मारणार, तेवढ्यात आयरिस आडवी आली आणि तिने स्टिक्स नदीची शपथ घेतली की बहिणी पुन्हा फिनियसच्या वाटेला जाणार नाहीत. दोघे भाऊ जिथून मागे वळले ती बेटं म्हणजे स्ट्रोफाडीस, ग्रीसच्या पश्चिमेला. फिनियस त्या रात्री पोटभर जेवला.

हार्पी कुरूप होत्या का?

आधी नव्हत्या. हेसिओड त्यांना सुंदर केसांच्या म्हणतो. जर्मनीत व्युर्ट्सबुर्गला फिनियसच्या गोष्टीचा साधारण इ. स. पू. ५३० चा एक चषक आहे. त्यावरच्या हार्पी म्हणजे पंख असलेल्या, पळणाऱ्या मुली, पाय माणसाचे. घाणेरडं पोट, वाकडी नखं, भुकेने पांढरा पडलेला चेहरा आणि पक्ष्याचं अंग हे रूप ठसवलं ते रोमन कवी व्हर्जिलने, इ. स. पू. पहिल्या शतकात. त्याच्या महाकाव्यात सेलिनो नावाची हार्पी ट्रॉयच्या निर्वासितांना शाप देते : भुकेपोटी स्वतःची टेबलं खाल. (पुढे ते खातातही. पोळ्यांवर जेवण वाढलेलं असतं आणि शेवटी पोळ्या खाल्ल्या जातात.) पुढच्या युरोपने व्हर्जिल वाचला आणि हार्पी कायमची कुरूप झाली.

झँथॉसच्या 'हार्पी थडग्या'वर हार्पी आहेत का?

बहुधा नाहीत. वर म्हटलेलं सरमिसळीचं उदाहरण हेच. लिशियातल्या, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य तुर्कस्तानातल्या, झँथॉस शहरात उंच खांबावरचं हे थडगं चार्ल्स फेलोज या इंग्रज प्रवाशाने १८३८ मध्ये पाहिलं. त्याचे कोरीव दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कोपऱ्यांवर पक्षीदेही स्त्रिया लहानशा मानवी आकृतींना उराशी धरून नेत आहेत. नेतात म्हणजे पळवतात, म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांना हार्पी ठरवलं. पण त्यांनी ज्या हळुवारपणे त्या जिवांना धरलं आहे ते बघितलं की मृतांना पोचवणाऱ्या सायरनच आठवतात, आणि आज बरेच अभ्यासक तसंच मानतात. नाव मात्र तेच चिकटून राहिलं.

सायरनला माशाची शेपटी कधी आली?

मध्ययुगात. साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात सायरन कमरेखाली मासा म्हणून येते. काही शतकं दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदली, एकाच आकृतीला पंखही आणि शेपटीही अशी चित्रं निघाली, आणि हळूहळू मासा जिंकला. इटालियन आणि फ्रेंचमध्ये मत्स्यकन्येला आजही सायरनचंच नाव आहे. स्टारबक्सच्या पेल्यावरची दोन शेपट्यांची बाई ही तीच. जानेवारी १४९३ मध्ये कोलंबसने आपल्याला तीन सायरन दिसल्या, पण चित्रात असतात तितक्या सुंदर नव्हत्या, असं नोंदवलं. त्या बहुधा मॅनेटी, म्हणजे समुद्रगाई, होत्या. त्यांच्या आणि आपल्याकडच्या कच्छ, मन्नारच्या आखातांतल्या ड्युगाँगच्या गणाला शास्त्रीय नाव मिळालं तेही सायरेनिया.

आणि भोंग्याला सायरन का म्हणतात?

फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर याने १८१९ मध्ये भोकांच्या फिरत्या चकतीतून हवा सोडून सूर काढणारं यंत्र केलं. ते पाण्याखालीही वाजे, म्हणून त्याने हे नाव दिलं. तोवर सायरन पाण्यातली झालेली होती.

अजिंठ्याच्या चित्रांतले किन्नर आणि सायरन एकच का?

नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या आसपास बघा : कमरेवर माणूस, खाली पक्षी, हातात वाद्य. दिसायला सायरनची बहीण शोभेल. पण किन्नर बहुतेकदा जोडीने असतात, एकमेकांवर जीव टाकणारे म्हणून जातककथांत प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्या गाण्याने कुणी मरत नाही. संगीताला पक्ष्याचं अंग द्यावं, इतपत साम्य आहे. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणणार नाही.

वाचायला आणि बघायला सुरुवात कुठून करावी?

'ओडिसी'चा बारावा सर्ग आधी वाचा. सायरनचा भाग जेमतेम दोन-तीन पानांचा आहे. मग अपोलोनियसच्या 'आर्गोनॉटिका'चा दुसरा सर्ग हार्पींसाठी आणि चौथा सायरनसाठी. लंडनला जाणं झालं तर सायरनचं भांडं आणि झँथॉसचं थडगं एकाच वास्तूत, ब्रिटिश म्युझियममध्ये, बघता येतात. भांडं आधी बघा, कारण तिथे सायरन नक्की कोण ते कळतं, आणि मग थडग्यावरच्या त्या स्त्रिया कोण ते तुम्हीच ठरवा.